नवस फेडायचा तर तालीम हवी

६ मार्च २०१९, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, आल्प्सच्या डोंगरांत वसलेल्या ओबरआमरगाऊ गावात त्या दिवशी एक फर्मान निघालं. पुढच्या वर्षीच्या नाटकात जे जे मंचावर उभे राहणार, त्यांनी आजपासून केसांना कात्री लावायची नाही. पुरुषांनी दाढीही करायची नाही. पहिल्या प्रयोगाला अजून चौदा महिने होते. या नाटकात विग चालत नाहीत, चिकटवलेल्या दाढ्या चालत नाहीत. येशूच्या काळातलं यरुशलेम उभं करायचं तर त्यातल्या माणसांचे केस त्यांचे स्वतःचे हवेत, हा गावाचा जुना दंडक. सूट मिळते ती रोमन सैनिकांची कामं करणाऱ्यांना. बाकी शिक्षक असो, सुतार असो, हॉटेलमालक असो की शाळकरी पोरगा, त्यानं वर्षभर तसंच डोकं घेऊन आपापल्या कामावर जायचं.

चर्चच्या नाटकांवर लिहायचं तर याच गावापासून सुरुवात करावी असं मला वाटलं, त्याला कारण आहे. चर्चमधलं नाटक म्हणजे हौसेचा मामला, भाव शुद्ध असला की झालं, थोडं इकडचं तिकडे झालं तर देव सांभाळून घेतो, ही समजूत आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. ओबरआमरगाऊतही मंचावर येणारे बहुतेक सगळे हौशीच. पण तिथं नाटक हाच नवस आहे, आणि त्यामुळे तयारी हा नवसाचाच भाग होऊन बसला आहे.

हा नवस १६३३ सालचा. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, सैन्यांच्या मागोमाग प्लेग गावोगाव फिरत होता. ओबरआमरगाऊनं आपल्या वेशीवर पहारे बसवले होते. परंपरा असं सांगते की, कास्पर शिस्लर नावाचा मजूर जवळच्या एशेनलोहे गावात कामाला होता. चर्चच्या वार्षिक सणाला घरी जायचं म्हणून तो रात्री पहारा चुकवून आला आणि त्याच्याबरोबर प्लेग आला. ऐंशीच्या वर माणसं गेली. उरलेल्या गावानं देवाला शब्द दिला की, आम्ही दर दहा वर्षांनी प्रभूचं दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान नाटकातून दाखवू. पहिला प्रयोग १६३४ साली झाला, तोही चर्चशेजारच्या कब्रस्तानात, प्लेगनं गेलेल्यांच्या थडग्यांवर मंच बांधून. पुढे १६८० पासून शून्यानं संपणारी वर्षं ठरली. मध्ये खंड पडले: १७७० साली राज्यकर्त्यानं बंदी घातली, पहिल्या महायुद्धानंतर १९२०चा हंगाम १९२२ साली झाला, १९४० साली युद्धामुळे झालाच नाही. २०२० चा हंगाम २०२२ साली झाला, तो बेचाळिसावा.

गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास. त्यातले दोन हजारांच्या घरातले लोक मंचावर, वाद्यवृंदात, गायकवृंदात किंवा पडद्यामागे असतात. मंचावर यायचं तर माणूस त्या गावात जन्मलेला हवा, नाहीतर वीस वर्षं तिथं राहिलेला हवा. नाटक पाच तासांचं, मध्ये जेवणाची मोठी सुट्टी. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शंभराच्या वर प्रयोग. ही गणितं एकत्र ठेवली की, नियोजन नावाच्या गोष्टीशिवाय यातलं काहीच शक्य नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. दुकानदार आठवड्यातून चार-पाच वेळा दुपारपासून रात्रीपर्यंत प्रेषित झाला, तर दुकान कोण पाहणार? म्हणून प्रमुख भूमिका दोघादोघांना दिल्या जातात. दोघंही सारख्याच मानाचे. पहिला आणि बदली असा भेद तिथं नाही. दोघांनाही तेवढंच पाठांतर, तेवढ्याच तालमी.

२०२० च्या हंगामासाठी ही नावं जाहीर झाली ती २० ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे दीड वर्षाहून अधिक आधी. सकाळी नवसाची पुन्हा शपथ घेतली गेली आणि मग थिएटरसमोरच्या मोठ्या फळ्यावर एकेक नाव हातानं लिहिलं गेलं. एकवीस प्रमुख भूमिका, बेचाळीस नावं. सगळं गाव समोर उभं. नाटकाच्या आदल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिथं 'प्लेग' हे नवसाच्याच कथेवरचं नाटक होतं, त्यामुळे नव्या पिढीला आपण हे का करतो ते मंचावरच कळतं. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रमुख कलाकार इस्रायलला गेले. येशू ज्या वाटांवर चालला तिथं चालून आले, ज्यूंच्या इतिहासाची ठिकाणं पाहून आले. मग हिवाळ्यात तालमी सुरू झाल्या.

दहा वर्षांच्या मधल्या काळाचं काय करायचं, हाही प्रश्न या गावानं सोडवला आहे. क्रिस्टियान श्ट्युकल हा गावचाच माणूस १९९० पासूनच्या प्रत्येक हंगामाचा दिग्दर्शक. नेमणूक झाली तेव्हा तो विशीत होता. त्यानं मधल्या उन्हाळ्यांत त्याच मंचावर दुसरी नाटकं आणि संगीतिका बसवायला सुरुवात केली. २०१५ साली 'नाबुको', २०१७ साली वाग्नरची 'फ्लाइंग डचमन', २०१८ साली शिलरचं 'विल्हेल्म टेल'. चार हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या त्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला आवाज लागतो, श्वास लागतो, आणि तो दहा वर्षांतून एकदा काढून वापरता येत नाही. बाकी युरोपातले प्रेक्षक या नाटकाला दहा वर्षांनी येतात. गाव मात्र मधली वर्षंही तालमीतच असतं.

ही शिस्त एकट्या ओबरआमरगाऊनं शोधली असं नाही. मध्ययुगातल्या युरोपात चर्चच्या सणांना शहरंच्या शहरं नाटक करायची, आणि त्यांचे कागद वाचले की आपल्या कल्पनेतला भाबडा, भोळा जमाना कुठल्या कुठे जातो. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला जगाच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा गाड्यांवरच्या मंचांवरून दाखवत. प्रत्येक प्रवेश एकेका धंद्याच्या संघाकडे. नोहाचं तारू जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटचं भोजन भटारखानेवाल्यांकडे, आणि क्रुसावर खिळण्याचा प्रवेश खिळे घडवणाऱ्यांकडे. पहाटे चार-पाचच्या सुमाराला गाड्या जागेवर हव्यात, असा हुकूम असे. १४७६ साली तिथल्या नगरपरिषदेनं ठराव केला की, दरवर्षी उपवासकाळात चार जाणत्या नटांनी महापौरांसमोर सगळ्या नटांची पारख करायची. कौशल्य, आवाज किंवा देह यांत जो कमी पडेल त्याला काढायचं. एका दिवसात कुणीही दोनदापेक्षा जास्त काम करायचं नाही. केलं तर चाळीस शिलिंग दंड. त्या काळात ही रक्कम सामान्य कारागिराचं कंबरडं मोडणारी होती.

आजच्या बेल्जियममधल्या मोन्स शहरात १५०१ साली दुःखसहनाचं नाटक आठ दिवस चाललं. त्याच्या दिग्दर्शकाची वही आजही उपलब्ध आहे: कोण कुठून येतो, कुणाला कधी इशारा द्यायचा, कुठली वस्तू कुठं तयार ठेवायची, सगळं त्यात टिपलेलं. तालमी अठ्ठेचाळीस. नोहाच्या प्रलयाचा पाऊस पाडायला जवळच्या घरांच्या छपरांवर पाण्याची पिंपं चढवून ठेवली होती. आजच्या फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएनमध्ये १५४७ साली पंचवीस दिवसांचं नाटक झालं. तिथं नटांनी नोटरीसमोर शपथ घेतली होती. तालमीला गैरहजर राहिलं तर दंड, तालमीआधी किंवा प्रयोगाच्या दिवशी दारूच्या गुत्त्यात जायला बंदी. मला या नियमांबद्दल फार आदर वाटतो. त्यांतून एवढंच दिसतं की, ती माणसं समोरच्या कथेला पवित्र मानत होती, आणि पवित्र गोष्ट अर्धवट पाठांतरानं सांगायची नसते हेही त्यांना कळत होतं.

तयारी चुकली की काय होतं, याचीही नोंद आहे. १४३७ साली मेट्झ शहरात दुःखसहनाचं नाटक झालं. ख्रिस्ताची भूमिका निकोल नावाच्या धर्मगुरूनं केली. क्रुसावर टांगल्यावर त्याचा जीव जायची वेळ आली. लोकांनी त्याला उतरवलं आणि उरलेला प्रवेश दुसऱ्या धर्मगुरूनं क्रुसावर चढून पूर्ण केला. यहूदा झालेला धर्मगुरू गळ्यात दोर घेऊन जरा जास्तच वेळ लोंबकळत राहिला, त्याची शुद्ध हरपली. त्यालाही घाईघाईनं खाली घेऊन शुद्धीवर आणावं लागलं. बखरकार म्हणतो की, दुसऱ्या दिवशी निकोलनं पुनरुत्थानाचा प्रवेश उत्तम केला. दोघंही धर्मगुरू, त्यांच्या श्रद्धेवर शंका घ्यायचं कारण नाही. पण श्रद्धेनं दोराची गाठ तपासली जात नाही.

ओबरआमरगाऊत क्रुसाचा प्रवेश कसा बसवतात हे जवळून पाहण्यासारखं आहे. नट क्रुसावर साधारण वीस मिनिटं असतो. कंबरेच्या वस्त्राखाली गिर्यारोहकांचा पट्टा असतो, तो मागून क्रुसाला अडकवलेला. खिळा हातातून जात नाही, पण प्रेक्षकाला तो आत शिरल्यासारखा दिसावा अशी सोय असते. दोन्ही बाजूंना दोन चोर, तेही तसेच. क्रूस आडवा असताना नट त्यावर चढतो आणि मग सैनिक तो उभा करतात. हे उभं करणं सगळ्यात अवघड. एका बाजूनं जोर जास्त लागला की वरचा माणूस फिरतो, पट्टा घासतो. म्हणून इथं ख्रिस्ताएवढीच मेहनत सैनिकांना घ्यावी लागते. पुढे देह उतरवताना शिडीवर चढलेले दोघं लांब पांढरं कापड त्याच्या काखेतून घालून त्याला हळूहळू खाली सोडतात. कुणी कुठला फास आधी सोडायचा, वजन कधी कुणाच्या खांद्यावर यायचं, मरिया कुठल्या बाजूला बसलेली असायची, हे सगळं ठरलेलं असतं. प्रेक्षक ते दृश्य श्वास रोखून पाहतात आणि त्यांना त्यात एकही सूचना दिसत नाही. सूचना दिसत नाही, कारण ती पुन्हा पुन्हा करून घेतलेली असते.

तशीच गोष्ट जिवंत चित्रांची. नाटकाच्या प्रवेशांमधून जुन्या करारातले प्रसंग येतात आणि त्यांत माणसं चित्रातल्यासारखी स्तब्ध उभी असतात. बाजूला गायकवृंद रोखुस डेडलरचं संगीत गातो. डेडलर हा त्याच गावातला शाळामास्तर, त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संगीत रचलं. गाणं संपेपर्यंत हात वर उचललेला मुलगा हात खाली घेत नाही, त्याच्या पायाशी झोपलेलं लहान मूलही हलत नाही. लहान मुलाला गप्प उभं करणं म्हणजे काय, हे ज्यानं संडे स्कूलमध्ये एकदा तरी शिकवलं आहे त्याला विचारावं.

पण या गावाच्या तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट मला संहितेची वाटते. या नाटकात शतकानुशतकं ज्यू लोकांना ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून रंगवलं जायचं. १९३४ साली तीनशेव्या वर्षाचा खास हंगाम झाला, हिटलर येऊन तो पाहून गेला, आणि १९४२ साली त्यानं आपल्या खाजगी बोलण्यात ज्यूंचा धोका दाखवणारं नाटक म्हणून त्याची स्तुती केली. युरोपातल्या लाखो ज्यूंची कत्तल चालू असतानाची ही स्तुती आहे. महायुद्धानंतरही संहिता फारशी बदलली नाही. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येणार नाही असं जाहीर केलं, तरीही १९७० चा हंगाम जुन्याच वळणावर गेला आणि ज्यू संघटनांनी त्यावर बहिष्काराची हाक दिली.

श्ट्युकल आला आणि त्यानं हे काम हातात घेतलं. एका हंगामात संपणारं हे काम नव्हतं. प्रत्येक वेळी संहितेतला थोडा भाग पुन्हा लिहिला गेला, त्यावर ज्यू विद्वानांशी आणि अमेरिकेतल्या ज्यू संघटनांशी चर्चा झाली, गावातल्या जुन्या मंडळींशी भांडणंही झाली. 'त्याचं रक्त आम्हांवर' ही मत्तयच्या शुभवर्तमानातली, गर्दीच्या तोंडची शापवाणी नाटकातून गेली. येशू आता स्पष्टपणे ज्यू आहे. तो हिब्रूत प्रार्थना करतो, त्याच्या बाजूनं बोलणारे याजकही मंचावर आहेत. १९९० साली न्यायालयाच्या निकालामुळे लग्न झालेल्या आणि पस्तिशीपुढच्या स्त्रियांवरची बंदी उठली. पुढे प्रोटेस्टंट, मग ख्रिस्ती नसलेले गावकरीही आले. २०२२ साली यहूदाची भूमिका जेंगिझ गोऱ्युर या तुर्की वंशाच्या मुस्लीम तरुणानं केली. निकदेम झालेला अब्दुल्ला केनान काराजा हा उपदिग्दर्शकही होता.

हे सगळं शक्य झालं ते वेळ हातात होता म्हणून. घाईत माणूस नेहमी जुनंच उचलतो, कारण ते पाठ असतं. संहितेवर वर्षभर आधी बसलं की, हे वाक्य आपण का बोलतो, कुणाला लागतं, शुभवर्तमानात नक्की काय आहे आणि आपण आपल्या मनचं काय घातलं आहे, हे प्रश्न विचारता येतात. प्रयोगाच्या आठवडाभर आधी कुणी तो प्रश्न विचारला तर त्याला फक्त 'आता कुठे' एवढंच उत्तर मिळतं. संहितेची तालीम ही पहिली तालीम आहे आणि आपल्याकडे बहुधा तीच होत नाही.

१९ मार्च २०२० रोजी, पहिला प्रयोग दोन महिन्यांवर आलेला असताना, कोरोनामुळे तो हंगाम पुढे ढकलला गेला. वर्षभर वाढवलेले केस कापले गेले, कपडे बांधून ठेवले गेले. १७ फेब्रुवारी २०२१, पुन्हा राखेचा बुधवार, पुन्हा तेच फर्मान. जानेवारी २०२२ मध्ये तालमी पुन्हा मुळापासून सुरू झाल्या, तपासण्या करूनच माणसांना आत घेतलं जाई. १४ मे २०२२ रोजी पडदा उघडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हंगाम संपला तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांनी नाटक पाहिलं होतं.

इतक्या मोठ्या गोष्टीचा आपल्या छोट्या चर्चशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. मराठी चर्चला पाठांतराची आणि सादरीकरणाची परंपरा परकी नाही. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालचं, आणि ते चर्चमध्ये भाविकांपुढे वाचलं जायचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवण्यासाठी आयुष्य वेचलं. कीर्तनकार आयत्या वेळी उभा राहत नाही हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तरी नाताळच्या नाटिकेला मात्र आपण आयत्या वेळीच उभे राहतो.

गेल्या डिसेंबरात नगर भागातल्या एका चर्चमध्ये मी नाटिकेची तालीम पाहत बसलो होतो. मुलं वीस-बावीस. बसवणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी मंचाच्या फरश्यांवर खडूनं फुल्या काढल्या होत्या, पिवळ्या मेंढपाळांच्या, पांढऱ्या देवदूतांच्या. संवादांकडे त्या फारशा बघत नव्हत्या. त्यांचं लक्ष एका जागेवर होतं: मेंढपाळ जातात आणि मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येतात, या दोन प्रवेशांमधल्या रिकाम्या वेळावर. त्यांनी मोबाइलवर तो मोजला. एक मिनिट दहा सेकंद. "एवढ्यात लोक बोलायला लागतात, मग माझ्या मागींचं कुणी ऐकत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मागींना विंगेतून आणायचं बंद केलं आणि चर्चच्या मुख्य दारातून, मधल्या वाटेनं, प्रेक्षकांमधून चालत आणलं. मेंढपाळ उतरायला लागले की मागींनी चालायला लागायचं. तिन्ही मागी उंचीनं वेगवेगळे, सगळ्यात लहान्याचा झगा पायात यायचा. तो आधी गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि तिसऱ्या बाकापाशी सोडायचा, हेही ठरलं. पाच वेळा चालून झालं. पाचव्या वेळी तो लहानगा खाली न बघता चालला.

त्याच संध्याकाळी एक उणीवही दिसली. गायकवृंद दुसऱ्या खोलीत वेगळा सराव करत होता. त्याची आणि नाटिकेतल्या मुलांची पहिली भेट थेट पंचवीस डिसेंबरला होणार होती. बाई म्हणाल्या, दरवर्षी असंच होतं, ऑर्गन सुरू होतो आणि देवदूताचं वाक्य त्यात बुडतं. माईक सांभाळणारा मुलगा तर तालमीला कधीच येत नाही, त्याला कुणी बोलावतच नाही.

चर्चच्या नाटकात चुका होतात त्या बहुतेक अशाच जागी. मरियेचं पाठांतर उत्तम असतं, पण तिच्यापुढचा माईक बंद असतो. सगळ्या मुलांना त्यांचं काम माहीत असतं, पण एक जण आजारी पडला की त्याचं काम दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. आणि मग पास्टरसाहेब शेवटी उठून म्हणतात की मुलांनी भावनेनं केलं, ते महत्त्वाचं. मुलांनी भावनेनं केलेलं असतंच. मोठ्यांनी तयारी केली नाही म्हणून ती भावना मागच्या बाकापर्यंत पोचली नाही, हे सांगायला हवं. ज्या मुलाचं एकमेव वाक्य बंद माईकमध्ये गेलं, तो पुढच्या वर्षी येत नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत.

दिवाळी झाली की नाताळला दीड-दोन महिनेच उरतात. मराठी चर्चमधल्या संडे स्कूलच्या शिक्षकांना, फादर आणि पास्टर मंडळींना, नाटिका बसवणाऱ्या ताई-दादांना माझी विनंती आहे: संहिता घेऊन आधी मोठ्यांनी एकदा बसा आणि प्रत्येक वाक्याला का हा प्रश्न विचारा. प्रत्येक कामाला दोन मुलं तयार करा आणि दोघांनाही किमान एका प्रयोगात किंवा रंगीत तालमीत उभं करा. गायकवृंदाला आणि नाटिकेला डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एकत्र आणा. आणि पहिली तालीम येत्या रविवारी उपासनेनंतरच लावा. तिला माईकवाल्या मुलाला आणि पडदा ओढणाऱ्यालाही नावानं बोलवा.